नेसण आणि वाटचाल : किल्ट, धोतर व लुगडे ह्यांच्या इतिहासातील एक प्रश्न

१

वेशभूषेचा इतिहास बहुधा चित्रांवरून लिहिला जातो. चित्रातील माणूस उभा असतो किंवा बसलेला असतो. तो चालत नसतो आणि कामही करीत नसतो. ज्या दिवशी चित्रकारापुढे बसावयाचे त्या दिवशी माणूस पेटीतील वस्त्र काढतो, आणि अभ्यासकाच्या हाती त्या एका दिवसाचा पुरावा येतो. उरलेल्या दिवसांत, पहाटे गाव सोडून दहाबारा कोस चालणाऱ्या, वाटेत नदी उतरणाऱ्या, मुक्कामावर पोचताच ओझे उतरवून पुन्हा कामाला लागणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असे, आणि ते तसेच का असे, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. डॉ. गो. स. घुर्ये ह्यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून शिल्पे, चित्रे व वाङ्मयीन उल्लेख ह्यांच्या आधारे आपल्याकडे पुष्कळ काम झाले आहे. परंतु वस्त्राकडे श्रमाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी अजून पुरेशी रुजलेली नाही.

प्रस्तुत लेखात ह्या दृष्टीने दोन दूरच्या वस्त्रांची तुलना करावयाची आहे. एक स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील किल्ट, आणि दुसरे महाराष्ट्रातील कासोट्याचे वस्त्र, म्हणजे पुरुषांचे धोतर आणि स्त्रियांचे नऊवारी लुगडे. ही जोडी वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु ती जुळविण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, ही दोन्ही मुळात न शिवलेली, अंगाभोवती गुंडाळावयाची वस्त्रे असून दोन्हींचा घाट चालण्याने व श्रमाने ठरला आहे. दुसरे कारण स्थानिक आहे: किल्टच्या परंपरेतील पलटणी आणि धोतराचा मुलूख ह्यांची गाठ इतिहासात ज्या ठिकाणी पडली, त्यांपैकी शिरूरचा परिसर हे एक ठिकाण होय.

२

पुण्याच्या ईशान्येस शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागात केंदूर हे गाव आहे. वारकरी परंपरेत ते संत कान्होराज पाठकांचे गाव म्हणून ओळखले जाते. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीस जी गावे दिली त्यांत शेजारच्या पाबळाबरोबर केंदुराचेही नाव घेतले जाते, आणि १७४० साली निवर्तलेल्या मस्तानीची कबर पाबळास आहे. हा टापू पर्जन्यछायेचा, अवर्षणप्रवण. येथील शेती प्रामुख्याने बाजरी-ज्वारीची, आणि येथील माणसाला पोटासाठी चालणे चुकलेले नाही. ह्या गावांच्या दक्षिणेकडून पुणे-शिरूर-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हा जुना मार्ग जातो. बाजारहाट, वारी आणि फौज ह्या तिघांच्याही पायांखालचा हा मुलूख आहे.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली आणि तिची छावणी शिरूरास घोड नदीकाठी पडली. १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलंडर पलटणी होत्या. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा पाडाव आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई ह्या दोन्ही प्रसंगी त्या लढल्या. असईला ७४ व्या पलटणीची तर जवळजवळ वाताहत झाली. ह्याच पलटणीचे कर्नल विल्यम वॉलेस पुढे शिरूरास होते व १८०९ साली तेथेच वारले. त्यांच्या थडग्याला परिसरातील लोक ‘सत्पुरुषा’चे स्थान मानीत आणि सुगीच्या वेळी तेथे धान्य वाहत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आढळते. स्कॉटिश सेनानी आणि मराठी शेतकरी ह्यांच्यामधील हा संबंध इतिहासाच्या मोठ्या प्रवाहात किरकोळ ठरेल. तरीही त्यामुळे एक प्रश्न उभा राहतो. दोन्हीकडचे लोक पायी चालणारे होते, दोन्हीकडे अखंड कापड गुंडाळण्याची रीत होती. मग ह्या दोन रीतींत साम्य किती, भेद किती, आणि त्यांचे पुढे काय झाले?

३

शब्दांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. ‘किल्ट’ हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला नव्हे. स्कॉट बोलीत ‘किल्ट’ हे प्रथम क्रियापद होते. वस्त्र वर उचलून कमरेशी खोचणे, हा त्याचा अर्थ. ते स्कँडिनेव्हियन भाषांतून आले; डॅनिश व स्वीडिश भाषांत त्याची भावंडे ह्याच अर्थाने आढळतात. जुन्या नॉर्स भाषेतील संबद्ध नामाचा अर्थ वस्त्राचा मांडीवरील खोळगा, म्हणजे आपण ज्याला ‘ओटी’ म्हणतो तो, असा आहे. क्रियापद मध्ययुगीन आहे, परंतु वस्त्राचे नाव म्हणून ‘किल्ट’ रूढ झाला तो अठराव्या शतकात. म्हणजे आधी कृती आली, मग तिच्यावरून वस्तूला नाव मिळाले. पदर खोचून, ओचे बांधून कामाला लागणाऱ्या समाजाला हा क्रम सहज समजेल.

गेलिक भाषेत ह्या वस्त्राच्या दोन अवस्थांना दोन नावे आहेत: ‘फेला मोर’, म्हणजे थोरले गुंडाळवस्त्र, आणि ‘फेला बेग’, म्हणजे धाकटे. थोरले वस्त्र म्हणजे चारपाच वार लांबीचे, दोन पन्हे जोडून रुंद केलेले लोकरीचे कापड. त्याच्या खालच्या भागाच्या चुण्या घालून कमरेस पट्टा आवळावयाचा. वरचा भाग खांद्यावर घेऊन टाचावयाचा, किंवा पाऊस आला तर डोक्यावरून ओढावयाचा, आणि रात्री पट्टा सोडला की तेच अंथरूण-पांघरूण. ह्या पद्धतीचे पहिले स्पष्ट वर्णन १५९४ सालच्या आयर्लंडमधील युद्धात आलेल्या हेब्रिडीज बेटांतील भाडोत्री सैनिकांच्या संदर्भात मिळते.

आता मराठीकडे वळू. मराठीत वस्त्रधारणेची क्रियापदे मोठ्या काटेकोरपणे वाटली गेली आहेत. धोतर व लुगडे ‘नेसतात’, शाल व घोंगडी ‘पांघरतात’, पागोटे ‘बांधतात’, सदरा, चोळी, विजार ‘घालतात’. ‘नेसणे’ हे ‘नि’ उपसर्गयुक्त ‘वस्’ धातूपासून, तर ‘पांघरणे’ हे प्रावरणाच्या कुळातले. इंग्रजीला ह्या सर्वांसाठी एकच क्रियापद पुरते. मराठीत मात्र क्रियापदावरूनच कळते की कापड शिवलेले आहे की अखंड, कमरेखालचे आहे की वरचे, आणि त्याला आकार देण्याचे काम शिंप्याने केले आहे की ते रोज सकाळी अंगावर घेणाऱ्याने करावयाचे आहे.

ही कसोटी किल्टला लावली तर त्याचा सारा इतिहास थोडक्यात मांडता येतो. फेला मोर हे अर्धे नेसण्याचे व अर्धे पांघरण्याचे वस्त्र होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर धोतर आणि घोंगडी ही दोन्ही त्या एकाच कापडात होती. फेला बेग हे केवळ नेसण्याचे उरले. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या चुण्या कायमच्या शिवल्या जाऊ लागल्या तेव्हा ते घालण्याचे वस्त्र झाले. आजच्या किल्टला साधारणतः आठ वार कापड लागते, म्हणजे आपल्या लुगड्याहून वारभर कमी. परंतु त्याच्या निऱ्या घालणाऱ्याच्या बोटांतून निघत नाहीत, त्या शिंप्याने आधीच पक्क्या केलेल्या असतात.

४

थोरल्या वस्त्रापासून धाकटे वस्त्र केव्हा व कोणी वेगळे केले, ह्याविषयी इतिहासकारांत बराच वाद झाला आहे. इव्हान बेली नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने १७६८ साली लिहिलेले एक पत्र १७८५ साली एडिंबरो येथील मासिकात छापले गेले. त्यात असे सांगितले आहे की टॉमस रॉलिन्सन ह्या इंग्रज क्वेकर लोखंड-व्यावसायिकाने ग्लेनगॅरीच्या रानात भट्टी घातली. लाकूड तोडणाऱ्या व भट्टीवर राबणाऱ्या हायलंडर मजुरांना आपले थोरले वस्त्र कामात अडचणीचे होते असे त्याला दिसले. तेव्हा खालचा भाग वरच्यापासून तोडून त्याने हे सुटसुटीत वस्त्र सिद्ध केले. ही भट्टी १७२७ नंतरच्या दशकातली. १९८३ साली ह्यू ट्रेव्हर-रोपर ह्यांनी ह्या पत्राच्या आधारे असे प्रतिपादन केले की, किल्ट ही प्राचीन परंपरा नसून एका इंग्रज कारखानदाराची अठराव्या शतकातील निर्मिती आहे.

ह्या मतावर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पत्र घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिलेले आहे. शिवाय वरचा भाग गुंडाळून ठेवून किंवा अजिबात न घेता केवळ खालचा नेसणे ही सोय एखाद्या कारखानदाराने सुचवावी लागते, असे मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाला येथे मराठी उदाहरण उपयुक्त वाटते. धोतराशेजारी पंचा आहे, पंचाशेजारी लंगोटी आहे. ह्यांतील प्रत्येकाचा ‘शोध’ कोणी लावला, हा प्रश्न आपण विचारीत नाही. एकच माणूस बाजाराला जाताना धोतर नेसतो, विहिरीवर पंचा लावतो आणि चिखलात उतरताना लंगोटीवर येतो. वस्त्राचे आखूड-लांब होणे हे कामाच्या प्रकारानुसार दिवसातून अनेकदा घडणारे आहे. तेव्हा रॉलिन्सनने वस्त्र शोधले की नाही ह्यापेक्षा, भट्टीच्या कामाने एका प्रासंगिक रीतीला कायमचे व स्वतंत्र वस्त्र बनविले, हे म्हणणे अधिक सुरक्षित होय. बेलीच्या पत्राचे महत्त्वही त्यातच आहे. किल्टच्या उगमाविषयीच्या ह्या जुन्या साक्षीत राजाचा, कुळाचा वा युद्धाचा उल्लेख प्रधान नाही. तेथे मजुरीचा दिवस आहे.

चालण्याविषयीची साक्ष ह्याहूनही स्पष्ट आहे. १७४५-४६ च्या जॅकोबाइट उठावानंतर ब्रिटिश पार्लमेंटने हायलंडर वेशावर बंदी घालण्याचे ठरविले, तेव्हा डंकन फोर्ब्स ह्या स्कॉटलंडच्या मुख्य न्यायाधीशाने १७४६ साली एका पत्रात तिच्याविषयी आपली प्रतिकूलता नोंदविली. फोर्ब्स सरकारपक्षाचा होता. उठावाविषयी त्याला सहानुभूती नव्हती. तरीही त्याचे म्हणणे असे की, हा सैल वेश अंगवळणी पडलेल्या माणसाला मोठे कष्ट सोसता येतात, झपाट्याने मजला मारता येतात, नद्या पायउतार करता येतात आणि रानात-कपारीत रात्र काढता येते. सखल प्रदेशाच्या वेशात हे जमणार नाही. त्याच सुमारास एडमंड बर्ट ह्या इंग्रजाने हायलंडविषयी लिहिलेल्या पत्रांत ह्याच गुणांची दुसरी बाजू येते: जो वेश माणसाला रानात रात्र काढू देतो तो गुरे पळविणाऱ्यालाही सोयीचा, असे टीकाकार म्हणत. म्हणजे ह्या वेशाच्या समर्थकांचे व विरोधकांचे एका बाबतीत एकमत होते. तो लांब पल्ल्याला चालणाऱ्याचा वेश होता.

५

हेच गुण मराठी वस्त्रात कोणत्या रूपाने आले, हे पाहिले म्हणजे साम्याबरोबर भेदही उघड होतो. दोन्हीकडे नदी उतरताना वस्त्र वर घेता येते. विजार भिजली की दिवसभर पायांना चिकटते. किल्ट गुडघ्यावर संपतो, आणि धोतराचा घोळ वर खोचता येतो. मराठीत ‘कास धरणे’ म्हणजे आश्रय घेणे आणि ‘कासेस लागणे’ म्हणजे एखाद्याच्या आधाराने तरून जाणे. पोहणाऱ्याच्या कमरेच्या वस्त्राला धरून न पोहणारा पैलतीरी जातो, ह्या नेहमीच्या अनुभवातून हे प्रयोग आले आहेत. पूल नसलेल्या भीमा-घोडेच्या मुलखात हा अलंकार कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

दोन्हीकडे खिशाचा अभाव आहे. किल्टपुढे चामड्याची पिशवी लोंबते, ती ह्यामुळेच. धोतराला कनवटी आहे, लुगड्याला ओटी आणि पदराची गाठ आहे, पानतंबाखूला चंची आहे. कापडाच्या काटकसरीचा विचारही अखंड वस्त्रातच पूर्णपणे करता येतो. शिवलेला कपडा एका जागी विरला की निकामी होऊ लागतो. लुगडे मध्यभागी विरले तर तो भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडता येतात. त्या जोडाला ‘दंड’ म्हणतात, आणि दंड घातलेले लुगडे ही मराठी घराच्या हलाखीची व टापटिपीची एकाच वेळी खूण होती. त्याचेच पुढे जुनेर होते, जुनेराची गोधडी होते.

मुख्य भेद कासोट्याचा आहे. किल्ट कमरेभोवती फिरतो, दोन पायांमधून जात नाही. धोतर-लुगड्याचे एक टोक पायांमधून मागे नेऊन खोचलेले असते. ह्या एका कृतीने अखंड कापडाची जणू विजार होते आणि तरी ते अखंडच राहते. ह्याचे कारण कामाच्या आसनांत शोधले पाहिजे. मराठी शेतीचे व घराचे काम बसून, उकिडवे राहून, वाकून होते. खुरपणी, काढणी, दळण, सारवण ह्यांपैकी एकही काम उभ्याने होत नाही. उभ्याने चालणाऱ्या, चढणाऱ्या आणि गुरांमागे फिरणाऱ्या हायलंडर माणसाला पाय वेगळे करण्याची गरज कमी होती. हवामानाचाही भाग आहेच: ओली लोकर ऊब धरते, म्हणून भिजलेला किल्ट तेथे चालतो, ओले सुती कापड चटकन वाळते, म्हणून येथे धोतर चालते. मराठी मुलखात लोकरीचे काम घोंगडीने केले, आणि धनगराच्या अंगावरील घोंगडीची खोळ हे फेला मोरच्या वरच्या भागाचे सर्वांत जवळचे भावंड होय.

६

वस्त्र श्रमातून आले तरी ते केवळ श्रमाचे राहत नाही. वस्त्र किती खाली यावे, हे काम जसे ठरविते तसे समाजही ठरवितो. सखल प्रदेशातील लोक उघड्या पायांच्या हायलंडर मनुष्याला ‘तांबड्या नडगीचा’ अशा अर्थाच्या नावाने हिणवीत. आपल्याकडे गुडघ्यापर्यंतचे लुगडे ही राबणाऱ्या स्त्रीची खूण होती आणि घोट्यापर्यंतचे लुगडे ही प्रतिष्ठेची. राबणाऱ्या जातींच्या बाबतीत ही खूण कित्येकदा सक्तीची होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना उद्देशून भाषण केले, आणि जातीची ओळख पटविणारी नेसण टाकून घोट्यापर्यंत लुगडे नेसण्यास सांगितले. स्त्रियांनी तेथल्या तेथे नेसण बदलली. मराठी वेशभूषेच्या इतिहासातील ही एक अत्यंत महत्त्वाची घटना होय. वस्त्र तेच, लांबी तीच, बदलली ती केवळ नेसण. परंतु त्या बदलाचा अर्थ त्या नेसणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना दोघांनाही पुरता कळला होता. म्हणून ‘कष्टाला सोयीचे’ असे म्हणून आखूड नेसणीचे केवळ कौतुक करणाऱ्या अभ्यासकाने, ती सोय कोणी निवडली होती आणि कोणावर लादली गेली होती, हेही विचारले पाहिजे.

स्कॉटलंडमध्ये सक्ती उलट दिशेने आली. १ ऑगस्ट १७४७ पासून अमलात आलेल्या कायद्याने पुरुषांना हायलंडर वेश वर्ज्य झाला. तो निर्बंध १७८२ साली उठला. सैन्याला मात्र त्यातून वगळले होते. त्यामुळे पस्तीस वर्षे हा वेश गावात गुन्हा आणि पलटणीत गणवेश होता. गावातला पोशाख छावणीत गेला, आणि तेथे त्याची मापे, रंग व चुण्या ठरीव झाल्या. छावणीतही त्याचे स्थान स्थिर नव्हते. ७ एप्रिल १८०९ च्या आदेशाने सहा पलटणींचा हायलंडर वेश काढून घेण्यात आला, कारण त्या वेशामुळे इतर भागांतील भरती अडते असे मानले गेले. त्या सहांत ७४ वी पलटण होती. शिरूरास कर्नल वॉलेस वारले ते ह्याच वर्षी. ७८ व्या पलटणीचा किल्ट मात्र कायम राहिला.

कंपनी सरकारच्या हिंदी शिपायांच्या वेशातही अशीच ओढाताण दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या अंगावर वर विलायती धर्तीचा लाल कोट, आणि खाली मांड्यांपर्यंतचा जांग्या असे. पाय उघडे आणि पायांत वहाणा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत जांग्या जाऊन पाटलोण आली. शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघालेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी रातोरात सुमारे पंचवीस मैल चालून सकाळी भीमेकाठी कोरेगावास पोचली आणि १ जानेवारी १८१८ चा संपूर्ण दिवस अन्नपाण्यावाचून लढली. ह्या लढाईच्या अर्थाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व लिहिले जाईल. प्रस्तुत विषयापुरते एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, गणवेशाचे नियम ठरविणाऱ्यांना असा दिवस क्वचितच डोळ्यांपुढे दिसत असे. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत किल्टच्या चुण्यांत चिखल साचून गोठला आणि त्याच्या कडांनी सैनिकांच्या पायांना जखमा झाल्या. अखेरीस दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९-४० मध्ये, तो रणवेश म्हणून मागे घेण्यात आला. डोंगर चढण्यासाठी घडलेले वस्त्र स्थिर युद्धात टिकले नाही.

७

किल्ट कामाच्या दिवसातून निघून सणाच्या दिवसात गेला, त्याचा आरंभ बहुधा १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हाचा मानतात. सर वॉल्टर स्कॉट ह्यांनी योजलेल्या त्या समारंभात राजाने स्वतः हा वेश केला. ज्या वर्गाने ह्या पोशाखाला पूर्वी रानटी म्हटले होते त्या वर्गाने तो आता राष्ट्रीय म्हणून उचलला; आणि त्याच काळात हायलंडमधील सामान्य कुळे मेंढवाड्यांसाठी आपल्या जमिनींवरून हुसकली जात होती. वस्त्राचा गौरव आणि ते नेसणाऱ्याचे विस्थापन ही एकाच वेळी झाली. आज किल्ट प्रामुख्याने विवाहाचा, संचलनाचा व वाद्यवृंदाचा पोशाख आहे.

आपल्याकडील क्रम ह्याहून फार निराळा नाही. शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर ह्या भागांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कारखाने आले. फिरत्या यंत्राजवळ सोगा वा पदर लोंबता असणे धोक्याचे आहे. तेथे पाटलोण व अंगासरसा कपडा हवा. इन्व्हरगॅरीच्या भट्टीने जी अडचण दाखविली तीच येथील कारखान्याने दाखविली. फरक असा की, तेथे वस्त्र आखूड झाले, येथे ते गेलेच. गिरणीचे स्वस्त कापड, शिवणयंत्र, सायकल, शाळा आणि नोकरी ह्या सर्वांनी पुरुषाचे धोतर एका-दोन पिढ्यांत उतरविले. शेतावर लुगडे अधिक काळ टिकले, परंतु पाचवारी-सहावारी साडी व पुढे इतर पोशाख ह्यांनी त्याचीही जागा घेतली. आणि नेमक्या ह्याच काळात नऊवारी समारंभाचे वस्त्र म्हणून नव्याने पुढे आली. ती शिवलेल्या रूपात मिळते, तिच्या निऱ्या व कासोटा शिंप्याने पक्के केलेले असतात, आणि तरुण मुली ती ‘घालतात’. किल्टने दोन शतकांपूर्वी केलेला क्रियापदाचा प्रवास नऊवारीने आपल्या डोळ्यांदेखत केला आहे.

ह्यात शोक करण्यासारखे काही आहे, असे सुचवावयाचे नाही. मुलींनी सोयीचे वस्त्र निवडावे हे योग्यच आहे; आणि महाडचा धडा लक्षात ठेवला तर, जुनी नेसण जाण्यात कित्येकांची सुटकाही आहे. प्रश्न अभ्यासकाचा आहे. कासोटा, ओचा, निरी, सोगा, कनवटी, घोळ, दंड, जुनेर, काचा मारणे, पदर खोचणे ह्या शब्दांपैकी बहुतेक मोल्सवर्थच्या कोशात सापडतील. परंतु कोशातील अर्थ वाचून लुगडे नेसता येत नाही. कोणत्या कामाला कासोटा किती घट्ट, उसाच्या पाल्यात व बाजरीच्या रानात नेसण वेगळी होती काय, आळंदीहून पंढरीपर्यंतच्या सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या वाटेवर भिजलेले लुगडे अंगावरच कसे वाळवीत, दंड कोणत्या टाक्याने घालीत, ही माहिती हातांत व बोलण्यात आहे, आणि ती ज्यांच्याजवळ आहे त्या स्त्रिया आज वयोवृद्ध आहेत. किल्टविषयीचा वाद दोन-अडीचशे वर्षे एका उशिरा लिहिलेल्या पत्राभोवती फिरत राहिला, कारण भट्टीवरील मजुरांना कोणी काही विचारून ठेवले नाही. आपल्याला विचारण्याची संधी अजून आहे.

ह्या दृष्टीने पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे काम उघड आहे. केंदूर-पाबळपासून दौंडच्या भीमाकाठापर्यंतच्या गावांत नेसणीची बोली व कृती ह्यांची एकत्र नोंद व्हावी: प्रत्येक शब्दाबरोबर ती कृती करून दाखविणाऱ्या हातांचे छायाचित्र व ध्वनिमुद्रण, ती कोणत्या कामासाठी, कोणत्या ऋतूत, आणि कोणत्या जातीत मान्य वा वर्ज्य होती ह्याचा तपशील. पुरुषांच्या धोतरासाठी, वारीत अजूनही ते नेसून चालणाऱ्यांपासून आरंभ करता येईल. शब्दकोश आणि वस्त्रेतिहास ह्या दोन्ही शाखांना ह्या नोंदी लागतील, आणि त्या ह्याच दशकात घ्याव्या लागतील.